कार्डावरची किंमत विसरा: मोनोपोलीत सौदे करून जिंकण्याची रीत

मे महिन्यात नागपुरात दुपारी बारा ते पाच घराबाहेर पाऊल टाकवत नाही. कूलरच्या टाकीत पाणी भरायचं, वाळ्याच्या ताट्या ओल्या करायच्या आणि मधल्या खोलीत फरशीवर पट मांडायचा, हा आमच्या मानेवाड्याच्या घरातला उन्हाळा. सासरे, धाकटी जाऊ, सुट्टीत आलेला भाचा आणि मी, असे चौघं खेळतो. हरणारा दरवेळी फाशांना बोल लावतो. पण डाव संपल्यावर उलगडून बघितलं की कळतं, निकाल लागला तो कुठल्या तरी एका अदलाबदलीत. ती झाली तेव्हा दोघंही खूश होते. दहा मिनिटांनी मात्र एकाच्या अंगणात नऊ घरं उभी होती आणि दुसऱ्याच्या हातात नुसती कार्डं.

हा लेख त्या दहा मिनिटांबद्दल आहे. कार्डावर छापलेली किंमत सौद्यात फारशी कामाची नाही. सौदा झाल्याबरोबर कोण किती घरं बांधू शकतो, हे मोजायला शिकलात की अर्धा डाव तुमचा.

आकडे मी मोनोपोलीच्या जुन्या, प्रमाणित पटाचे देते आहे: सुरुवातीला १५००, प्रत्येक फेरीला २०० पगार, ४० घरांचा (म्हणजे चौकोनांचा) पट. तुमच्या घरी आपला देशी 'व्यापार' असेल किंवा आकडे वेगळे असतील, तर कार्डाच्या मजकुरावरून हाच हिशेब मांडा. रीत तीच राहते.

बसण्याआधी तीन गोष्टी ठरवा

पहिली, लिलाव. एखाद्या जागेवर येऊन कोणी ती घेतली नाही, तर बँकेनं तिचा लिलाव करायचा असा मूळ नियम आहे. बऱ्याच घरांत तो पाळत नाहीत आणि कार्ड तसंच पडून राहतं. लिलाव पाळा. त्यामुळे कार्डं लवकर लोकांच्या हातात जातात आणि सौदे लवकर सुरू होतात.

दुसरी, फुकट पार्किंगवर दंडाचे पैसे साठवून देण्याची पद्धत. ती मूळ नियमात नाही, आणि ती असली की सौद्याची सगळी धार जाते. पैशाची चणचण असेल तरच कार्डाला किंमत येते. मध्येच एखाद्याला पाचशे-सहाशेचं घबाड मिळालं तर तुमचा हिशेब कोलमडतो.

तिसरी, 'पुढच्या तीन वेळा तुला भाडं माफ' असल्या बोलीचं काय करायचं. मूळ नियमात अशी माफी नाही, आणि खेळाडूंनी एकमेकांना कर्ज देणंही बसत नाही. घरी खेळताना चालवायचं असेल तर आधी बोलून घ्या. आमचं एकदा हे ठरवायचं राहून गेलं आणि भाचा नि जाऊ यांच्यात संध्याकाळपर्यंत अबोला होता. तेव्हापासून आमच्याकडे फक्त जागा, रोकड आणि जेलमधून सुटकेचं कार्ड एवढ्याचाच सौदा होतो.

पहिल्या दोन फेऱ्या: माल गोळा करा

पटावर विकत घेता येणाऱ्या २८ जागा आहेत: आठ रंगांच्या २२, चार स्टेशनं आणि वीज-पाण्याच्या दोन कंपन्या. चौघं खेळत असताना नुसत्या फाशांवर एकाच रंगाच्या तिन्ही जागा, म्हणजे घरं बांधायला लागणारा पूर्ण सेट, एकाच्या हाती लागणं फार क्वचित होतं. याचा अर्थ सौदा होणारच आहे, प्रश्न एवढाच की तुमच्याकडे त्या वेळी देण्यासारखं काय असेल. म्हणून सुरुवातीला जिथे पाय पडेल ती जागा घ्या. आवडती रंगसंगती धरून बसू नका.

एखाद्याकडे एका रंगाच्या दोन जागा झाल्या असतील तर तिसरी जरूर घ्या, तुम्हाला तिचा काही उपयोग नसला तरी. माझे मामा इतवारीत धान्याच्या दुकानात दिवाणजी होते. ते घरी येऊन आमच्यासोबत बसायचे तेव्हा सगळ्यात आधी असलीच कार्डं उचलायचे. आम्ही विचारलं की म्हणायचे, "मला नको हाये, पण त्याला पायजे ना!" दुसऱ्याला हवा असलेला माल आपल्या गोदामात असणं म्हणजे काय, हे त्यांना पोटापाण्याच्या कामातून ठाऊक होतं.

रोकड कमी पडली तर सुट्या जागा गहाण टाका. निम्मी किंमत मिळते, आणि गहाण असलेलं कार्डही सौद्यात चालतं.

वही ठेवा

पाठकोऱ्या कागदावर आठ रंग लिहा आणि प्रत्येकासमोर कोणती जागा कोणाकडे ते टिपा. शेजारी प्रत्येकाच्या रोकडीचा अंदाज. हे करायला फेरीमागे अर्धं मिनिट लागतं, आणि आमच्या घरात ते करणारी बराच काळ मी एकटीच होते.

वहीत दोन गोष्टी शोधायच्या. एक, तुम्हाला हवं ते ज्याच्याकडे आहे, त्याला हवं ते तुमच्याकडे आहे का? असेल तर तुमचा सौदा तयार आहे. दोन, तुमच्याशिवाय कोणत्या दोघांची अशीच गाठ जुळते आहे? ती जुळण्याआधी तुम्ही हालचाल करायला हवी. चौघांच्या डावात सौदा करणारे दोघं पुढे जातात आणि बघत बसलेले दोघं मागे पडतात. 'मी कोणालाच काही देणार नाही' म्हणून मूठ आवळून बसणारा माणूस बहुतेक वेळा तिसरा नाही तर चौथा येतो. आमच्याकडे सासरे कितीतरी उन्हाळे असेच खेळले.

कोणत्या सेटची खरी किंमत किती

इथे थोडा वेळ द्या, कारण सगळा लेख यावर उभा आहे.

भाड्याच्या तक्त्यात तिसऱ्या घराला मोठी उडी असते. नारिंगी सेट घ्या. आमची पोट्टी त्याला सरळ 'संत्रा' म्हणतात, तेव्हा मीही तेच म्हणते. १८० च्या जागेवर एका घराचं भाडं ७०, दोन घरांचं २००, तीन घरांचं ५५० आणि चार घरांचं ७५०. दुसरं घर भाड्यात १३० ची भर घालतं, तिसरं ३५० ची, चौथं २०० ची. घराचा खर्च तिन्ही वेळा सारखाच, १००. म्हणून कोणताही सेट जोखताना एकच प्रश्न: प्रत्येक जागेवर तीन घरं होईपर्यंत मला एकूण किती पैसे लागतील?

संत्र्याच्या तीन जागा ५६० च्या, नऊ घरं ९०० ची. एकूण १४६०, आणि भाडं ५५० ते ६००. हिरव्याच्या जागा ९२० च्या, नऊ घरं १८०० ची. एकूण २७२०, भाडं ९०० ते १०००. पाहताना हिरवा भारी वाटतो, पण सुरुवातीला सगळ्यांच्या हाती मिळतात १५००. डावाच्या मध्यावर १८०० ची घरं बांधण्याइतकी रोकड कोणाकडे असते? बहुतेक वेळा हिरवा सेट जुळवणारा माणूस एकेक घर बांधून थांबतो, १३० भाडं घेतो आणि तेवढ्यात दुसऱ्याच्या सापळ्यात सापडतो.

फिका निळा सेट स्वस्त म्हणून लोक हसण्यावारी नेतात. तिन्ही जागा मिळून ३२०, घर फक्त ५० चं. तिन्हींवर हॉटेल (चार घरांनंतरची पाचवी पायरी) चढवायला ७५०. एकूण १०७०, आणि हॉटेलचं भाडं ५५०, ५५०, ६००. म्हणजे तीन घरांच्या संत्र्याइतकंच. ज्याच्या हाती रोकड कमी आहे त्याच्यासाठी हा सेट सोन्यासारखा आहे. मात्र हॉटेल हेच त्याचं टोक, त्यापुढे तो वाढत नाही.

संत्र्याचं आणखी एक बळ त्याच्या जागेत आहे. जेलपासून त्याच्या तीन जागा सहा, आठ आणि नऊ घरांवर येतात. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी सहा पडण्याच्या ५, आठच्या ५ आणि नऊच्या ४. मिळून १४, म्हणजे शंभरात जवळपास ३९. आणि जेलमध्ये गर्दी सगळ्यात जास्त, कारण तिथे पोचायचे रस्तेच खूप: 'जेलमध्ये जा'चा कोपरा, 'चान्स' आणि 'कम्युनिटी चेस्ट' या दोन्ही गठ्ठ्यांतली कार्डं, सलग तीनदा जोडी पडणं. भरीला 'चान्स'मधलं 'तीन घरं मागे जा' हे कार्ड लाल रांगेत उघडलं तर सोंगटी थेट संत्र्याच्या शेवटच्या जागेवर येते. सौद्यात संत्रा मिळत असेल तर मी छापील किमतीपेक्षा बरंच जास्त द्यायला तयार असते.

स्टेशनं चारही मिळाली तर प्रत्येकी २०० भाडं, वर घरांचा खर्च नाही. एकेकट्या स्टेशनाचं भाडं २५. म्हणून सुटं स्टेशन सौद्यावर 'वरून' द्यायला उत्तम: घेणाऱ्याला भरल्यासारखं वाटतं, तुमचं फारसं जात नाही. चौथं मात्र कोणाला देऊ नका. वीज-पाण्याच्या कंपन्या माझ्या मते फक्त गहाण टाकण्यासाठी.

एक सौदा, पूर्ण हिशेबासकट

गेल्या उन्हाळ्यातला डाव सांगते. माझ्याकडे संत्र्याच्या दोन जागा, फिक्या निळ्याची एक (१०० ची), एक स्टेशन, एक हिरवी (३०० ची), वीज कंपनी आणि रोख ७५०. धाकट्या जावेकडे संत्र्याची तिसरी, फिक्या निळ्याच्या उरलेल्या दोन, एक स्टेशन आणि रोख ४२० च्या आसपास. माझी सोंगटी त्या वेळी जेलमध्ये.

मी म्हटलं, "तुझी संत्र्याची दे. मी फिकी निळी देते, आणि वरून स्टेशन. तुझा सेट होईल, स्टेशनं दोन होतील."

भाच्यानं लगेच बोटं मोजली. "मावशी, तू काहून इतकं देऊन राहिली? तिचं एकशे ऐंशीचं, तुझं तीनशेचं!"

छापील किमतीनं तो बरोबर होता, मी १२० जास्त देत होते. पण सौद्यानंतर काय झालं बघा. मी हिरवी जागा १५० ला आणि वीज कंपनी ७५ ला गहाण टाकली. हातात ९७५ आले. ९०० ची नऊ घरं बांधली, तिन्ही जागांवर तीन-तीन. उरले ७५, त्यातले ५० जेलच्या दंडासाठी. जावेनं ४२० मधून आठ घरं बांधली: तीन, तीन, दोन. तिचं भाडं ३००, २७० आणि ९०. माझं ५५०, ५५०, ६००.

तिला सौदा वाईट गेला का? अजिबात नाही. ती आधीपेक्षा कितीतरी बळकट झाली, म्हणूनच तर 'हो' म्हणाली. नुकसान झालं ते बघणाऱ्या दोघांचं.

स्टेशनाऐवजी मी वरून रोख १०० देऊ शकले असते, आणि पूर्वी मी नेमकं तेच करायचे. त्यात काय बिघडलं असतं, तर माझं एक घर कमी झालं असतं आणि तिची दोन वाढली असती, कारण तिचं घर ५० चं. तिच्याकडे दहा घरं: चार, तीन, तीन, आणि तिची सगळ्यात महाग जागा ४५० भाड्यावर. तेव्हा लक्षात ठेवा: ज्याचा सेट स्वस्त, त्याला रोकड देऊ नका, कार्ड द्या. रोकड त्याच्या हातात दुप्पट काम करते. उलट तुम्ही स्वस्त सेट घेत असाल तर वरून पैसेच मागा.

हातची जवळजवळ सगळी रोकड घरांत घालायची हिंमत मी केली कारण मी जेलमध्ये होते. जेलमध्ये बसून भाडं घेता येतं, सौदा करता येतो, घरं बांधता येतात, आणि दुसऱ्याच्या जागेवर पाय पडत नाही. डावाच्या सुरुवातीला ५० भरून लगेच बाहेर पडा, कारण जागा घ्यायच्या असतात. घरं उभी राहू लागली की मात्र आत बसलेलंच बरं.

कधी बोलायचं, कसं बोलायचं

दोन फाशांत ६, ७ किंवा ८ पडण्याच्या ३६ पैकी १६ शक्यता. म्हणून समोरच्यांच्या सोंगट्या तुमच्या होऊ घातलेल्या सेटच्या सहा-सात घरं मागे असतील, आणि तुमची सोंगटी समोरच्याच्या सेटला नुकतीच ओलांडून गेली असेल, तेव्हा प्रस्ताव टाका. घरं बांधायला स्वतःच्या पाळीची वाट बघावी लागत नाही, दोन पाळ्यांच्या मध्येही बांधता येतात. एक पाळी आधी केलेला आणि एक पाळी उशिरा केलेला सौदा यांत कधी कधी ५५० चा फरक पडतो.

बोलताना त्याच्या फायद्यापासून सुरुवात करा आणि तो फायदा खरा असू द्या. "तुझा सेट होतो, तुझ्याकडे आहे तेवढ्यात आठ घरं होतात" असं मोजून दाखवा. मी समोरच्याचा हिशेब त्याच्यासमोर कागदावर मांडते. खोटं सांगून एक सौदा पदरात पडतो, पण याच घरातली हीच माणसं उद्या दुपारी पुन्हा बसणार असतात.

पहिलाच प्रस्ताव तुमच्या शेवटच्या मर्यादेचा नको. स्टेशन मागे ठेवा, जागेला जागा एवढंच बोला, आणि तो घुटमळला की स्टेशन पुढे करा. ओढून घेतल्याचं समाधान त्यालाही हवं असतं. 'नाही' म्हणाला तर चिडू नका आणि भाव लगेच वाढवू नका. दुसऱ्या कोणाशी त्याच जागेबद्दल मोठ्यानं बोलायला लागा. बर्डीवर कपडे घेताना बाजूच्या ठेल्याकडे वळलं की मागून हाक येते, तसंच इथे होतं.

कोणते सौदे टाळायचे

ज्याच्या हातात रोकड जास्त त्याला सेट पूर्ण करून देऊ नका, बदल्यात काहीही मिळो. गडद निळ्याच्या दोन जागा मिळून ७५०, आणि तीन-तीन घरांना आणखी १२००, भाडं ११०० आणि १४००. तेराशे रोख असलेल्याच्या हाती हा सेट गेला तर डाव तिथेच संपला. पण त्याच्याकडे १५० असतील आणि गहाण टाकण्यासारखंही काही उरलं नसेल, तर २०० चं पहिलं घरच बांधता येत नाही. तेव्हा तोच सेट खुशाल द्या आणि बदल्यात घसघशीत माल घ्या. समोरच्याची बांधण्याची ताकद मोजताना रोकडीत त्याच्या सुट्या जागांची गहाण-किंमत मिळवायला विसरू नका. माझी चूक नेहमी इथेच व्हायची.

गहाण कार्ड घेताना मागे उलटून बघा. २६० ची जागा १३० ला गहाण असेल, तर हातात आल्याबरोबर बँकेला १० टक्के म्हणजे १३ भरावे लागतात. तेव्हाच सोडवली तर १३० वर तेच १३. नंतर सोडवायची म्हटलं तर पुन्हा १३ वेगळे. हे पैसे सौद्यात धरा.

घरं असलेल्या रंगाची जागा विकता येत नाही. आधी त्या रंगावरची सगळी घरं बँकेला निम्म्या किमतीत परत करावी लागतात. नऊ संत्री घरं मोडली की ९०० चे ४५० होतात. म्हणून कार्डं जुळवायची ती घरं बांधण्याआधी.

घरांचा साठा

बँकेकडे घरं फक्त ३२ असतात आणि हॉटेलं १२. हा आकडा सौद्यात फार कामाचा आहे, तरी कोणी मोजत नाही. तीन-तीन जागांचे दोन सेट तुमच्याकडे असतील आणि सहाही जागांवर चार-चार घरं असतील, तर २४ घरं तुमच्या अंगणात. उरली आठ. समोरच्यानं तीन जागांचा नवा सेट जुळवला तरी त्याला तीन-तीन घरं पुरत नाहीत. अशा वेळी हॉटेल घेऊ नका, कारण हॉटेल घेतलं की चार घरं बँकेत परत जातात आणि ती त्याच्या कामी येतात. दोन स्वस्त सेट मिळवण्यासाठी मी एक महाग सेट आनंदानं सोडते, त्यामागे हाच हिशेब आहे.

शेवटी दोघं उरले की

तिसरा गडी बुडायला आला की डोळे उघडे ठेवा. तो ज्याच्या भाड्यात बुडेल त्याला त्याचं उरलंसुरलं सगळं मिळतं. कराच्या घरावर, बँकेच्या देण्यात बुडाला तरच त्याच्या जागांचा लिलाव होतो. म्हणून त्याची सोंगटी तुमच्या प्रतिस्पर्ध्याच्या सेटजवळ पोचण्याआधी, त्याच्याकडच्या कामाच्या जागा रोख देऊन विकत घ्या. त्याला त्या घडीला पैसा हवाच असतो आणि भावही रास्त लागतो.

दोघंच उरले की 'दोघांचा फायदा' हा प्रकार संपतो. त्याचा जो फायदा, ते तुमचं नुकसान. तरीही एखादा प्रस्ताव आलाच तर उत्तर देण्याआधी बँक सांभाळणाऱ्याला विचारा, "घरं किती उरली?" या उन्हाळ्यात भाच्यानं मला लाल सेट पूर्ण करून मागितला. बदल्यात तो फिक्या निळ्याची अडवलेली जागा द्यायला तयार होता, तिथे माझा सेट होत होता. डब्यात चार घरं होती. त्याच्या वाट्याला फार तर दोन, एक, एक अशी बांधणी येणार, म्हणजे भाडं एका जागेवर ३००, बाकी दोनवर ९०. आणि सौदा होताच त्यातली तीन घरं मी फिक्या निळ्यावर लावणार होते. मी लाल जागा त्याच्यासमोर ठेवली.